तिसरी गंजी

—खिडकीपासी नको, रामीबाई. इकडं सरक, कपाटाच्या बाजूनं. खाली नको बसू व, खुर्ची आहे ना, खुर्चीवर बस. काय पाहून राह्यली? खुर्चीच आहे, चावत नाही. बावीस वर्सं या जिनिंगमधी काम केलं तू अन् या खोलीत कधी बसली नाही, हे काही माही चूक नाही — बरं, असन माही चूक, पण बस तू आधी. खिडकी बंदच राहू दे, बाहेरून दिसते. कोणाले दिसते? कोणालेही दिसते. हमाल आहेत, वजनकाट्यावरचा माणूस आहे, माहा रजत तिकडं ओल मोजाचा मीटर घेऊन फिरून राह्यला — त्याले नाही सांगितलं मी, तुले बोलावलं म्हणून. कोणालेच नाही सांगितलं. तुह्या सुनेच्या हाती निरोप धाडला, अन् लालीबाईलेही काय म्हटलं, सासूचा एक अंगठा राह्यला कागदावर, तेवढ्यासाठी ये म्हणा. अंगठा-बिंगठा काही नाही राह्यला. ते आपलं सांगाले. पाणी पिशीन? नाही? बरं.

सव्वातीन झाले. चार वाजता शेठ येते यवतमाळहून. म्हणजे आपल्यापासी पाऊण तास आहे — आपल्यापासी म्हणजे माह्यापासी. तू गेटातून आली तेव्हा मी पाह्यलं, इथूनच, फटीतून. तू सरळ नाही आली. कापसाच्या तिसऱ्या गंजीपासी थांबली, नाक वर केलं, पदर असा तोंडावर घेतला अन् मंग इकडं आली. काय वास आला तुले? नाही, सांग बरं. मले वाटते ओल्या पोत्याचा आहे. काट्याजवळ पोते पडले आहेत भिजलेले, त्याचा आहे. हमाल म्हणते, शिळ्या भातासारखा आंबूस येते, दोन दिवसांपासून येते. हमालाचं काय ऐकाचं? तू सांग. ... नाही सांगत. हां. महिन्याभरानं समोर आली तर बोलणारच नाही असं ठरवूनच आली वाटते. ठीक आहे. मी बोलतो. मले काही जड नाही जात बोलणं.

आता पाहा, तुले काढलं ते काही मी नाही काढलं. नियमानं काढलं. शेठचा नियम — ग्रेडर पाहिजे तर शिकलेला पाहिजे, प्रमाणपत्रवाला पाहिजे, हे काही तुह्यासाठी नाही केलं, सगळीकडंच तसं झालं आहे. आता बिनकागदाचं काय राह्यलं सांग बरं? ग्रामपंचायतीत झाडू माराले दहावी पास मागते. बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसते ना तो बुढा, त्याच्यापासी पण कागद आहे. आपण जुने लोक म्हणतो, हातच्या कंकणाला आरसा कायले पाहिजे — पाहिजे ना बाप्पा, आता पाहिजे! कंकण नसलं तरी चालते, आरसा पाहिजे. कापसाच्या गाठी विकाले जाते तेव्हा घेणारा विचारते, कापूस पाह्यला कोणं? तिथं काय लिहाचं, रामीबाईनं दातानं पाह्यला? हसतीन लोक. नाही, मी नाही हसत. मी कधी हसलो का तुले? बावीस वर्सांत एकदा दाखव.

गाडी रिकामी होऊन राह्यली की तू तिथं उभी. वरचा कापूस पाहाचीच नाही, हात घालून तळचा उपसाची, दोन सरक्या दाताखाली धराची, अन् मी दहा हातांवर उभा राहून कान लावाचो — कट वाजली की गाडी गंजीवर, नाही वाजली, चिवट लागली, की तिकडं पटांगणात वाळाले पसराले. शेतकरी भांडाचे, शिव्या घालाचे, मी मॅनेजर असून मले म्हणाचे साहेब या बाईले आवरा, अन् तू थुकून द्याची सरकी अन् म्हणाची, पसरा. बस, तेवढंच. पसरा. अन् पसरतच होते बरं ते. बावीस वर्सांत एक गंजी ओलीपायी तापली नाही आपली. आपली म्हणजे — हाव, तुहीच. तुह्याचपायी तापली नाही. हे मी आजही म्हणतो, इथं, या खोलीत म्हणतो.

पण रजतचं पण पाह्य ना तू. माह्या रजतले तू लहानपणापासून पाह्यलं, सरकीच्या ढिगावर घसरगुंडी खेळाचा, तूच खाली ओढाची त्याले. चार वर्सं शिकला अकोल्याले, शेतकीची डिग्री. मंग संगणकाचा कोर्स, मंग टायपिंग, मंग ते कापूस प्रतवारीचं सात दिवसांचं — सगळे कागद लॅमिनेट केले मी. आमच्या बैठकीत ये एकदा, भिंतीवर देवापेक्षा फ्रेमा जास्त आहेत. पाहुणा आला की मी त्याले तिथंच बसवतो, फ्रेमांच्या खाली, म्हणजे मान वर केली की वाचाच लागते. अन् पाहुणा वाचते ना, सगळं वाचते, बरोबर वाचते, अन् मंग म्हणते — छान. अन् पोरगा करते काय? असं तीनदा झालं, रामीबाई. नेरचे पाहुणे तर चहा अर्धा ठेवून उठले. रजतची माय आत भांडे आपटत होती अन् मी फ्रेमा पाहत होतो. इतके कागद अन् पोरगा घरी! परीक्षा दिल्या त्यानं, साऱ्या दिल्या, तलाठ्याची दिली, वनरक्षकाची दिली, शिपायाची पण दिली, तिथं पण पाच जागांले दहा-दहा हजार पोट्टे. तीस वर्साचा झाला. केसं गळून राह्यले त्याचे. बापाचा जीव आहे ना व. ज्याचं जळते त्याले कळते.

म्हणजे, त्याच्यासाठी नियम केला असं नाही म्हणत मी. तसं नको समजू. नियम शेठचा. मी फक्त — शेठनं विचारलं, पुंडलिकराव, जाहिरात काढू का, तर मी लिहून देल्लं. लिहाले कोणं तरी पाहिजे ना? पदवीधर, प्रतवारीचं प्रमाणपत्र आवश्यक. एवढंच लिहिलं. आवश्यक हा शब्द माहा. शेठ म्हणाले होते, असलं तर बरं. आता ‘असलं तर बरं’ हे काय जाहिरातीत शोभते? आवश्यक म्हटलं की जाहिरातीसारखं वाटते. ... अशी नको पाहू. मी सांगतो ना खरं. तू आली नसती तर काही झालंच नसतं, तुले कोणं म्हटलं होतं मुलाखतीले यायचं? जाहिरातीत पदवीधर लिहिलं होतं अन् तू आपली धुतलेलं पातळ नेसून रांगेत उभी, रजतच्या मांगं! एक तो नेरचा पोट्टा, एक रजत अन् तू. मी आतून पाह्यलं. म्हटलं, हिले कोणी सांगत काहून नाही.

अन् मंग शेठनं ते दोन ढिगारे मांडले टेबलावर. मले नव्हतं माहीत ते मांडतीन म्हणून, देवाची शपथ. म्हणाले, सांगा. नेरचा पोट्टा म्हणाला, लांब धाग्याचा आहे. रजतनं मीटर लावला, साडेआठ म्हणाला, अन् दुसऱ्याले साडेनऊ. बरोबरच होतं ते, मीटर काही खोटं नाही बोलत. अन् मंग तू. तू हात नाही लावला पहिले. वाकली, वास घेतला, मंग एक बोंड घेऊन असं फाडलं अन् म्हणाली — हा इकडचा, राळेगावच्या काळ्या रानातला, पहिल्या वेचणीचा. अन् हा मुकुटबनकडचा, मुरमाड जमिनीचा, वेचला सकाळी पण भरला दव पडल्यावर, याले दुपारभर पसरा, नाही तर पोटात घेऊन बसन. शेठ हसले. खुशीनं हसले. म्हणाले, पुंडलिकराव, ही बाई तर चालता-बोलता मीटर आहे. असं म्हणाले, तू ऐकलं, तुह्या तोंडावर म्हणाले. म्हणजे शेठच्या मनात — काय सांगू, शेठच्या मनात तूच होती त्या घडीले.

अन् मी विचारलं, शिक्षण?

हाव, मी विचारलं. तुह्याकडं पाहून विचारलं, जसं मले माहीतच नाही. बावीस वर्सं तुह्या शिदोरीतली भाकर खाल्ली मी, तुह्या सासऱ्याच्या मातीले आलतो तांड्यावर, अन् मी फॉर्म समोर धरून विचारतो — नाव? शिक्षण? प्रमाणपत्र आहे का? तू माह्याकडं पाहत राह्यली. अन् मी शेठले म्हटलं, शेठ, हे सारं ठीक आहे, पण उद्या काही झालं तर हिचे दात लिहाचे का रजिस्टरमधी? कागद लागते शेठ. शेठ म्हणाले, ते पण खरं आहे. बस. तेवढ्यात झालं सारं. एका वाक्यात. मले वाटलं होतं जास्त बोलाव लागन.

पाणी मीच पितो आता.

तुले माहीत आहे मी किती शिकलो? नाही माहीत. कोणालेच नाही माहीत, शेठले पण नाही. दहावी. दोनदा बसलो, दोनदा गणितात गेलो. काट्यावर पोते उचलाले आलतो मी इथं, तुह्या आधी दोन वर्सं. मोठे शेठ होते तेव्हा, त्याईनं कधी विचारलं नाही, मंग मुनीम मेला, मंग मी बसलो, मंग लोकं मॅनेजर म्हणाले लागले. पण रोज, रामीबाई, रोज कोणी शिकलेला माणूस या दारातून आला का माही पाठ घामेजते. वाटते आता विचारन — साहेब, तुमचं शिक्षण? बँकेचा आला, विम्याचा आला, मी आधीच उभा राहतो. अशा माणसाच्या घरी डिग्रीवाला पोरगा जन्मला. मले वाटलं आता झालं, आता या खुर्चीवर कोणी बसन तर त्याच्यापासी कागद राहीन, अन् कोणी आलं तर तो उभा नाही राहणार. एवढंच वाटलं. याच्यात पाप काय आहे?

...

तीन पंचवीस. बरं, ऐक, आता कामाचं सांगतो. दिवाळीनंतर तो अवकाळी आला ना दोन दिवस, त्याच्या नंतर एकदम गाड्या आल्या. रांग सडकेपर्यंत. सगळ्याईले घाई. रजत एकटा, मीटर घेऊन. आता त्या मीटरची सळई आहे वीतभर, ती वरून घातली का वरचं सांगते, अन् शेतकरी काय येडा आहे? वरचा थर वाळवून आणते, ओला तळाशी. तू असती तर — ते जाऊ दे. रजतनं सगळं लिहिलं आहे पण, रजिस्टर पाह्य तू, काय अक्षर आहे! आठ, साडेआठ, आठ, पावणेनऊ. एक खाडाखोड नाही. तो सारा कापूस गेला तिसऱ्या गंजीत, तळाले अन् मधात, अन् त्याच्यावर पुन्हा कोरडा पडला. आता वरून मीटर घाला, इकडून घाला, तिकडून घाला, आठच दाखवते.

अन् हे तुले सांगतो कारण तू कोणाले सांगणार नाही — रजतलेच पहिले शंका आली. पंधरा दिवस झाले. रात्री जेवता-जेवता म्हणाला, बाबा, मले कोर्समधी जे शिकवलं ते गाठीचं शिकवलं, सरकी काढलेल्या रुईचं शिकवलं, गंजीचं नाही शिकवलं. मले समजत नाही, रामीबाईले बोलवा, मी तिच्यापासून शिकतो. असा म्हणाला! अन् मी काय केलं? ताट सरकवलं. म्हटलं, चार वर्सं मी तुले याच्यासाठी शिकवलं? त्या तांड्यावरच्या बाईले हात जोडाले? लाज नाही वाटत? उद्या शेठ म्हणन बाईच बरी होती. त्यानं मान खाली घातली. त्याच्यानंतर त्यानं मले नाही विचारलं. परवा मी पाह्यलं तर काट्यामांगं उभा राहून एकटाच सरकी चावून पाहून राह्यला होता. चावते अन् हातावर थुकून पाहते. चावते अन् पाहते. मी आवाज नाही देल्ला, तसाच परत आलो.

मी पण पाह्यलं आज सकाळी. कोणी यायच्या आधी आलो, बाही वर केली अन् घातला हात तिसऱ्या गंजीत, खांद्यापर्यंत, तू घालते तसा. गरम लागलं. मंग पहिल्या गंजीत घातला, तिथं पण गरम लागलं. पाचव्यात घातला, तिथं पण! भ्यालेल्या माणसाच्या हाताले सारंच गरम लागते. इतकी वर्सं पेन धरलं ना मी, हात असा पोळीसारखा मऊ झाला. सरकी चावली तर ही कवळी — दात कुठी आहेत माहे? कवळीत सारं सारखंच वाजते. म्हणजे मले समजत नाही. रजतले समजत नाही. मीटर म्हणते आठ. अन् वास येऊन राह्यला. अन् उद्या सकाळी तीच गंजी रेच्यांवर, सरकी काढाच्या मशिनीवर, चढाची आहे, अन् शेठ आज ती पाहाले येऊन राह्यले. आता दुनियेत एकच हात आहे ज्याले समजते, अन् तो तुहा आहे. अडला हरी — नाही नाही, तुले गाढव नाही म्हटलं, माय! म्हण आहे ती. तोंडातून निघून गेली. गाढव मीच.

काय करायचं सांगतो. मागच्या दारानं निघ. तिथं टोपलं ठेवलं आहे, डोक्यावर पदर घे, कचरा वेचणारी वाटशीन. तिसऱ्या गंजीच्या पल्याडच्या बाजूनं जा, तिकडं कोणी नाही राहत, अन् घाल हात. खोल घाल. मले फक्त येऊन सांग, पसराचं की नाही. बस. पसरा म्हटलं तर मी हमालाईले काहीतरी सांगतो, ताडपत्री बदलाची आहे म्हणतो, उंदीर झाले म्हणतो, शेठ यायच्या आत मधातून फोडाले लावतो. कोणाले काही कळणार नाही. रजतलेही नाही. अन् सोमवारपासून तू ये कामावर. झाडझूडीवर लावतो तुहं नाव. नाव झाडझूडीवर, पण गाडी आली का तू आपली तिथं उभी राहाची, रजतच्या बाजूले, अन् त्याले हळूच — समजलं ना? सही त्याची, दात तुहे. दोघाईचंही चालते.

उठू नको. थांब. थांबा. रामीबाई, तुम्ही बसा. मी चुकीचं बोललो असन. बसा हो तुम्ही, मी हात जोडतो. हे पाहा, जोडले. तुमची सून लालीबाई त्याच शेडमधी बसते ना, रेच्यापासी? तिसऱ्या गंजीपासून वीस पावलं आहे ते शेड. बारा बाया बसते तिथं. एक दार आहे. मी धमकी नाही देऊन राह्यलो हो, धमकी मी कायले देईन, मी तर — कापसाले आतून आग लागली तर बाहेर धूर दिसेपर्यंत सारं संपलेलं राहते, हे तुम्हीच सांगितलं होतं मले, तुमच्या पहिल्या वर्सी. मी रातभर झोपलो नाही याच्यापायी. तुम्ही माहा राग माह्यावर काढा, पाहिजे तर माह्या तोंडावर थुका त्या सरकीसारखं, पण गंजी पाहा.

...

काय? काय म्हटलं? जरा मोठ्यानं —

शेठसमोर?

बस, एवढंच? कामावर नाही घ्यायचं, पैसा नाही, काही नाही — फक्त शेठसमोर म्हणाचं का हिले समजते, मले समजत नव्हतं? अन् त्या दिवशी फॉर्म समोर धरला ते... ते पण सांगाचं. आवश्यक शब्द कोणाचा, ते पण. तुम्ही तर — अहो, मंग रजतचं काय राहीन? नाही, तसं नाही. ऐकतो मी. ऐकून राह्यलो. तुम्हाले दुसरं काहीच नको? पातळ घ्या दिवाळीचं. नाही. बरं.

बरं. सांगतो.

सांगतो म्हटलं ना. तुम्ही गंजी पाहा, पसराची असली तर पसरवू, अन् चार वाजता शेठ आले का मी स्वतः, याच खोलीत, तुम्हाले या खुर्चीवर बसवून सांगतो. शेठ, आपली ग्रेडर ही आहे. माही मती मारली गेलती. असंच सांगतो, याच शब्दात. शपथ? रजतची शपथ. एकच पोरगा आहे माहा, त्याची शपथ, आता झालं? रजत पण खूश होईन, खरं सांगतो, त्याले मनातून तेच पाहिजे. मलेच — मलेच काय झालतं कोणास ठाऊक. हलकं वाटून राह्यलं मले, रामीबाई. महिन्याचं ओझं उतरलं. चला, उठा, तीन चाळीस झाले, मागच्या दारानं निघा अन् टोपलं —

हॉर्न वाजला?

नाही, ट्रक असन. थांबा, पाहतो. ... शेठची गाडी आहे. चार म्हटलं होतं ना त्याईनं, चार! रजत दार उघडून राह्यला गाडीचं. रामीबाई, मागच्या दारानं — समोरून नको, अहो समोरून नको जाऊ म्हटलं — टोपलं तरी घ्या! अहो!

गेली.

...

या शेठ, या, या. नमस्कार. लवकर आले तुम्ही. नाही नाही, बरंच झालं, आम्ही वाटच पाहून राह्यलो होतो. रजत, शेठची बॅग घे. काय म्हणता? वास? तो पोत्यांचा आहे शेठ, काट्याजवळ भिजले होते, हटवाले सांगितले मी. ती? ती कोण, माह्या खोलीतून निघाली ती? ती — ती कोणी नाही शेठ. जुनी बाई आहे. काम मागाले आलती. हाव, मुलाखतीले होती ती, तुमच्या लक्षात आहे? तीच. येते बापडी अधूनमधून, पाया पडते, म्हणते झाडझूडीवर तरी घ्या. मी म्हटलं, जागा नाही. काय बे रजत? तू मधात नको बोलू, मी बोलून राह्यलो ना शेठसोबत. शेठ, पाचही गंज्या ठीक आहेत. आठ टक्के. रजतनं सकाळीच मीटर लावला, रजिस्टर भरलं आहे, सहीनिशी. आत बसून पाहा तुम्ही, पहिले चहा घ्या, मंग —

ए! ए बाई! तिथं कुठी चालली? गेट तिकडं आहे, इकडं नाही! ए, गंजीपासून दूर हो! हात नको घालू — अवं हात काढ तो! कोण आहे तू हात घालणारी? कागद आहे तुह्यापासी? हात काढ म्हटलं ना!

...काढला शेठ. काढला तिनं. झटक्यानं? नाही, मी ओरडलो ना, घाबरली असन. हात पदरात गुंडाळला? तशीच सवय आहे तिले. माह्याकडं काय पाहून राह्यली, निघ! जागा भरली म्हणून सांगितलं होतं ना तुले? निघ इथून. पुन्हा दिसली तर चौकीदाराले सांगीन. शेडकडं कायले चालली आता? कोणाले हाका मारून राह्यली? लालीबाई कामावर आहे, तिले नाही उठता येत कामावरून — ए! अवं बायांनो, तुम्ही काहून उठल्या साऱ्या? बसा! कोणं सांगितलं उठाले? मॅनेजर मी आहे इथं!

काही नाही शेठ. अडाणी बाया आहेत, एक उठली का साऱ्या उठते. चला, आत चला तुम्ही. रजत, शेठले आत घेऊन — रजत? अबे रजत, तिच्या मांगं कायले धावून राह्यला? मीटर कुठी टाकला तू? रजत, इकडं ये! बाही कायले वर करून राह्यला — हात नको घालू बेटा, हात नको घालू! अबे, ग्रेडर तू आहे ना!

...

नाही शेठ. काही नाही. तुम्ही बसा.